शेळ्यांच्या उवा, लिखा आणि चौदावा दिवस



कुटुंबाच्या पानावर मुलांचा अभ्यास, बाळंतिणीचा आहार, लग्नातील खर्च यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, व ते हवेच. आज आम्ही जो विषय घेतला आहे त्याला कदाचित कोणी विषयही म्हणणार नाही. शेळीच्या अंगावरच्या उवा आणि त्यांच्या लिखा. परंतु ज्यांच्या दारात दोन-चार शेळ्या आहेत, ज्यांच्या मुलांची वह्या-पुस्तके आणि दवाखान्याचा खर्च त्या शेळ्यांवर निघतो, त्यांना याचा उपयोग होईल असे वाटल्यावरून लिहीत आहोत. आम्ही म्हणजे खर्डा येथील एका घरातल्या दोघी जावा आणि आमच्या सासूबाई. लिहिणारी एक, सांगणाऱ्या तिघी.

खर्डा म्हटले की इतिहास वाचलेल्या माणसाला ११ मार्च १७९५ ची मराठे आणि निजाम यांची लढाई आठवते. भुईकोट किल्ला अजून उभा आहे. आम्हां राहणाऱ्यांना मात्र खर्डा म्हणजे बालाघाटच्या कडेचा कमी पावसाचा मुलूख. तालुका जामखेड, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर व आता अहिल्यानगर. पण बीड आणि धाराशिव हे दोन्ही जिल्हे जवळच. त्यामुळे आमच्याकडे शेळी ती उस्मानाबादी. अंगाने बहुतेक काळी, कान लांब, लोंबते, जात चिवट, पुष्कळदा जुळी करडे देणारी. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचे गवत एवढ्यावर ती भागवते. ज्याला जमीन नाही त्याला गाय-म्हैस परवडत नाही, शेळी परवडते. बँकेत खाते असो नसो, अडीनडीला शेळीच कामी येते.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीला माणसे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोणी शेळ्या बरोबर नेतात आणि कारखान्याच्या तळावर कोपीशेजारी बांधतात, तर कोणी मागे राहणाऱ्यांच्या स्वाधीन करून जातात. २०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या आळीतली तीन घरे गेली आणि जाताना आपल्या शेळ्या आमच्या छपराखाली बांधून गेली. आमच्या चार, त्यांच्या सात. मार्गशीर्षात त्यांतल्या तिघी व्याल्या, पाच करडे झाली. छप्पर मुळात पाच शेळ्यांपुरते. थंडीच्या रात्री सगळ्या एकमेकींना चिकटून बसत. बघायला बरे वाटे, ऊब धरून बसल्या आहेत म्हणून. पण उवांना याहून सोयीची जागा दुसरी नाही.

शेळीच्या उवा उन्हाळ्यात कमी होतात आणि हिवाळ्यात वाढतात. थंडीत केस दाट येतात, ऊन अंगाच्या कातडीपर्यंत पोचत नाही, जनावरे दाटीने बसतात आणि चारा उतरल्यामुळे अंगात ताकद कमी असते. उवेला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर चालत जाणे एवढेच तिला जमते. त्यासाठी दोन शेळ्या एकमेकींना खेटून बसल्या की पुरे.

पौष लागला तेव्हा एक शेळी सारखी छपराच्या मेढीला अंग घासू लागली. मग दुसरी मान वळवून स्वतःचीच कूस दाताने ओढू लागली. खांद्यामागचे केस विरळ झाले. दूध उतरले. आमच्या सासूबाईंनी तिला उन्हात ओढून मानेवरचे केस उलटे फिरवले आणि म्हणाल्या, "बघा गं, पीठ सांडल्यावाणी दिसतंय."

काळ्या शेळीचा हा एक फायदा आहे. तिच्या केसांवर लीख लगेच दिसते. पांढऱ्या किंवा तांबूस शेळीवर ती शोधावी लागते. आता कोंडा कोणता आणि लीख कोणती हे ओळखायची आमची घरगुती रीत सांगतो. केस विंचरून फुंकर मारावी. कोंडा उडतो, लीख उडत नाही, कारण ती केसाला डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेली असते. बोटाने झटकून निघत नाही, नखात धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावी लागते. आतले जिवंत असेल तर दोन नखांत दाबल्यावर टचकन आवाज येतो. ज्यांनी मुलींची डोकी पाहिली आहेत त्यांना हा आवाज सांगायला नको. मान, पाठीचा कणा, खांद्यामागची जागा, जबड्याखाली आणि मांडीच्या आतला भाग एवढे पाहिले म्हणजे अंदाज येतो.

त्याच आठवड्यात जुळ्यांपैकी एक करडू दगावले. ते आमचे नव्हते, ऊसतोडीला गेलेल्या एका घराचे होते. केवळ उवांनी मेले असे म्हणता येणार नाही. आईचे दूध आटले होते, थंडी कडक होती. पण त्याच्या डोळ्याची खालची पापणी आम्ही खाली ओढून पाहिली होती तेव्हा ती कागदासारखी पांढरी होती. निरोगी शेळीची पापणी आतून लालसर गुलाबी असते. पांढरी पडली म्हणजे अंगात रक्त उरलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांच्या पोटातल्या रक्त पिणाऱ्या जंतांसाठी या पापणीच्या रंगाचा एक तक्ताच केलेला आहे. फाफा मलान नावाच्या पशुवैद्याच्या नावावरून त्याला 'फामाचा' म्हणतात. शेळ्यांसाठीही तो वापरतात. तक्ता जवळ नसला तरी दर पंधरा दिवसांनी पापणी पाहण्याची सवय ठेवावी, तिला पैसा लागत नाही. पांढरेपणा उवांमुळे आहे की जंतांमुळे हे मात्र डॉक्टरांना ठरवू द्यावे. बरेचदा दोन्ही असते.

त्या घरच्या बाईला तळावर फोन लावला. करडू गेल्याचे सांगितले. पलीकडे थोडा वेळ बोलणे बंद. मग म्हणाली, "जाऊ द्या अक्का, बाकीच्या तेवढ्या बघा." तिच्या दोन शेळ्यांपैकी एकीवर मुलाची बारावीनंतरची फी ठरलेली होती, हे आम्हांला ठाऊक होते. तिने ते बोलून दाखवले नाही.

अकरांपैकी एक शेळी अर्धलीची होती. म्हणजे धनी गावातला, सांभाळ आपला, करडे निम्मी-निम्मी. धनी दोन दिवसांनी बघायला आला. शेळीचे केस गेलेले पाहून म्हणाला, "तुमच्या वस्तीत आली अन् उवा झाल्या." या वाक्याचा अर्थ आपल्या वाचकांना उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. आम्ही त्याला एवढेच विचारले की उवेला वस्ती कशी कळते? शेळीच्या अंगावरची ऊ शेळीच्या अंगावरून येते. बाजारातून येते, टेंपोतून येते, बोकड दाखवायला नेले तर तेथून येते. बंगल्याच्या आवारात दहा शेळ्या दाटीने बांधल्या तरी होते. गलिच्छपणाने उवा जन्मत नाहीत. त्यांना केस, दाटी आणि अशक्त अंग लागते. आमच्याकडे या हिवाळ्यात दाटी होती, ती का होती हे वर लिहिलेच आहे. धनी काही बोलला नाही, पण शेळीही सोडून नेली नाही. पुढे त्यानेच आपल्या गड्याला आमच्याकडे औषधाचे माप विचारायला पाठवले, हे येथे नमूद करून ठेवतो.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन शेळ्या घेऊन गेलो. डॉक्टरांनी भिंगातून पाहून सांगितले की यांच्या अंगावर दोन्ही जातींच्या उवा आहेत. ही माहिती आम्हांस नवीन होती. एक जात चावणारी. तिचे डोके रुंद, रंग पिवळसर तपकिरी. ती कातडीवरचा कोंडा आणि मळ खाते. तिच्यामुळे खाज फार सुटते, केस जातात, शेळी चरायचे सोडून अंग घासत बसते. दुसरी रक्त पिणारी. तिचे डोके निमुळते, अंग निळसर करडे. ती कातडीत तोंड खुपसून एका जागी बसते. तीच शेळीला पांढरी पाडते. हा फरक माहीत असावा, कारण औषध त्यावर ठरते. पुष्कळ ठिकाणी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देऊन काम झाले असे समजतात. हे औषध मोठ्या योग्यतेचे आहे. ज्या दोन शास्त्रज्ञांनी ते शोधले त्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते रक्तातून जाते. रक्त पिणारी ऊ त्याने मरते. नुसता कोंडा खाणारीवर त्याचा तितका परिणाम होत नाही. म्हणून दोन्ही जाती असल्या तर अंगावरून औषध लावावेच लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बहुतेक औषधे उवा मारतात. लिखा मारत नाहीत.

लिखेचे कवच घट्ट असते, औषध आत शिरत नाही. आज फवारणी केली की संध्याकाळपर्यंत उवा मरून पडतात, शेळी शांत होते, आपण बाटली ठेवून देतो. इकडे केसाला चिकटलेल्या लिखा जशाच्या तशा असतात. सुमारे नऊ ते चौदा दिवसांत त्या फुटतात. त्यांतून निघालेली पिल्ले तीन वेळा कात टाकतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत मोठी होऊन पुन्हा लिखा घालू लागतात. म्हणजे महिनाभरात शेळी होती तशी. मग लोक म्हणतात औषध भेसळीचे होते. औषध बहुधा चांगलेच असते. दुसरी पाळी चुकलेली असते. दुसरी पाळी चौदाव्या दिवशी द्यायची, म्हणजे जुन्या लिखा फुटून झालेल्या असतात आणि नवी पिल्ले लिखा घालण्याच्या वयाची झालेली नसतात. चार दिवसांनी दिली तर निम्म्या लिखा अजून बंदच असतात, महिन्याने दिली तर नव्या लिखा घातलेल्या असतात. सगळा खेळ या एका तारखेचा आहे.

आणि ही तारीख एका घराने पाळून भागत नाही. शेळ्या चरायला एकत्र जातात, दुपारी एकाच बाभळीखाली बसतात. एका घराने औषध मारले व शेजारच्याने मारले नाही, तर आठ दिवसांत पुन्हा देवाणघेवाण. आमच्या आळीत शेळ्या असलेली एकंदर नऊ घरे त्या वेळी हजर होती. सगळ्यांनी एकाच दिवशी पहिली आणि एकाच दिवशी दुसरी पाळी करायची, हे सांगणे सोपे, पण तारीख लक्षात कशी राहायची? मजुरीला जाणाऱ्या बाईला आज कोणता दिनांक हे विचारले तर तिला पटकन सांगता येत नाही. तेव्हा सासूबाईंनीच उपाय काढला. पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. पौर्णिमा कोणालाही सांगावी लागत नाही, आकाशात दिसते. मग पहिली पाळी अमावास्येला आणि दुसरी पौर्णिमेला करावी. २९ जानेवारी २०२५ ला पौष अमावास्या होती आणि १२ फेब्रुवारीला माघ पौर्णिमा. मोजून चौदा दिवस. एक म्हातारे गृहस्थ कुरकुरले, अमावास्येला कशाला जनावराला हात लावता म्हणून. त्यांना सासूबाई म्हणाल्या, "दादा, अमावस्या आपण छप्पन सालीच सोडली." यावर ते हसले आणि आपल्या तीन शेळ्या स्वतः घेऊन आले.

विहारात सगळ्या बाया बसल्या असता प्रत्येकीने एकच प्रश्न विचारला, की एकदा मारून उवा गेल्या तर दुसऱ्यांदा पैसा का घालायचा? त्या वेळी आम्ही एका काळ्या शेळीचे कापलेले केस कागदावर ठेवून लिखा दाखवल्या आणि वर सांगितलेली सर्व हकिगत सांगितली. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. अक्षरओळख नसलेल्या बायकांना कारण समजावून सांगितले की त्या डॉक्टरपेक्षा चोख काम करतात, हे त्यांनी दाखवून दिले. आमचाही अनुभव तसाच आहे. 'डॉक्टरांनी सांगितले म्हणून करा' असे म्हटले असते तर पौर्णिमेला निम्मी घरे आली नसती. लीख दाखवली म्हणून नऊच्या नऊ आली.

औषध डॉक्टरांनी लिहून दिले ते डेल्टामेथ्रिन. प्रमाण किती, हे आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही. एकाच नावाचे औषध वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्यांत मिळते, आणि उवांसाठीचे प्रमाण वेगळे व गोचिडांसाठीचे वेगळे असते. आपल्या बाटलीवर काय लिहिले आहे ते डॉक्टरांकडून वाचून घ्यावे आणि सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घ्यावे. झाकणाने, चमच्याने, अंदाजाने कधीही नाही. जास्त घातले म्हणजे जास्त गुण येतो हा समज जनावराच्या जिवावर बेततो.

त्या दिवशी काय केले ते सांगतो. सकाळी शेळ्यांना पोटभर चारा आणि पाणी दिले, म्हणजे त्या तहानेने अंग चाटणार नाहीत. ऊन वर येऊ दिले. मांडीवरचे, कासेजवळचे आणि बोकडाच्या मानेवरचे लांब केस कात्रीने बारीक कापले. लिखांवर खरा इलाज हाच आहे. जेवढे केस कापले तेवढ्या लिखा आयत्याच गेल्या. कापलेले केस जमिनीवर न टाकता पोत्यावर घेतले आणि चुलीत घातले. उरलेल्या केसांतून फणी फिरवली. मुलींच्या डोक्याची जुनी लाकडी फणी त्यासाठी कायमची वेगळी काढली. फणी केसांच्या मुळापासून टोकाकडे फिरवावी व प्रत्येक वेळी गरम पाण्याच्या भांड्यात बुडवावी. एका शेळीला पाऊण तास लागला. सर्व लिखा निघतात असे कोणी समजू नये, निम्म्या निघाल्या तरी पुष्कळ.

मग हातांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, तोंडाला फडके लावून, औषधाच्या पाण्यात फडके भिजवून केसांच्या उलट दिशेने अंग चोळले. शेतातला पाठीवरचा पंप आम्ही वापरला नाही. त्यात पूर्वी काय भरले होते याचा भरवसा नसतो, आणि तणनाशकाचा वास धुऊनही जात नाही. डोळे, तोंड आणि सड सांभाळले. कानांच्या मागे व शिंगांच्या बुडाशी फडके नीट जात नाही, तेथे बोटाने करंजाचे तेल लावले. तेलाने उवा गुदमरतात, अपाय काही नाही, पण नुसत्या तेलावर विसंबू नये. दोन महिन्यांच्या आतल्या करडांना डॉक्टरांना विचारून फक्त ओले फडके फिरवले. गाभण शेळ्यांसाठीही आधी विचारले. दूध किती दिवस वापरायचे नाही आणि बोकड विकायचा असल्यास किती दिवस थांबायचे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. शेळी सावलीत पण वाऱ्याआड वाळू द्यावी. उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, या औषधाने मासे आणि मधमाश्या मरतात. आम्ही पडीक जागेत खड्डा करून त्यात ओतले.

जुने उपाय पुष्कळ आहेत. आमच्या लहानपणी गॅमेक्सिनची पांढरी पावडर जनावरांच्या अंगावर आणि कधी कधी मुलांच्या डोक्यातही चोळत. तिच्यातले बीएचसी १९९७ मध्ये आपल्या देशात बंद झाले आणि त्याच्याच कुळातले लिंडेन २०१३ पासून वापरातून गेले, कारण ते वर्षानुवर्षे मातीत, दुधात आणि माणसाच्या चरबीत साठते. कोणाच्या फळीवर जुना डबा असेल तर तो हाताळू नये. तंबाखूचे पाणी लावतात. तंबाखूचे विष कातडीतून अंगात जाते, लहान करडू त्याने दगावू शकते. रॉकेल आणि गाडीचे जळके ऑइल कातडी भाजते. सीताफळाच्या बियांची पूड तर आमच्या बालाघाटात घरोघर होते. ती उवा मारते हे खरे, परंतु डोळ्यात गेली तर डोळा जायबंदी होतो. माणसांच्या बाबतीत असे प्रकार नोंदलेले आहेत. शेळी मान झटकते, पूड उडते. म्हणून आम्ही ती वापरत नाही.

याहून भयंकर प्रकार आमच्या एका नात्यातल्या घरी घडला. एका दुकानदाराने शेळीच्या उवांसाठी म्हणून हरभऱ्यावरच्या अळीचे औषध बाटलीतून सुटे काढून दिले. बाटलीवर चिठ्ठी नाही, नाव नाही. लावल्यावर तासाभरात शेळीच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय थरथरले, पोट फुगले. दवाखाना दूर. दोन शेळ्या गेल्या. अशा वेळी अंग ताबडतोब साध्या पाण्याने धुवावे आणि बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे धावावे. काही विषांवर उतारा असतो, पण विष कोणते हे कळल्याशिवाय तो देता येत नाही. सुटे औषध घेऊ नये, ते कितीही स्वस्त असो.

छपराविषयी थोडेसे. ऊ शेळीच्या अंगावरून खाली पडली की साधारण आठवडाभराच्या आत मरते. म्हणून फवारणीच्या दिवशी खालचा पालापाचोळा आणि लेंड्या खरवडून उकिरड्यात टाकल्या, जमिनीवर चुन्याची भुकटी टाकली आणि शेळ्या आठ दिवस बाहेर शेवरीच्या कुडाशेजारी बांधल्या. रात्री थंडी होती, तेव्हा गोणपाट पांघरले. ते गोणपाट पुन्हा छपरात न नेता उकळत्या पाण्यात घातले. बाजारातून नवी शेळी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी, हेही त्यातच आले.

आमची धाकटी मुलगी पाचवीत आहे. कपाळावर पांढरा ठिपका असलेले एक करडू तिने टिकली नाव ठेवून पाळले आहे. उवांची बातमी फुटल्यापासून शाळेतल्या मैत्रिणी तिच्याजवळ बसेनात. तीही टिकलीला उचलून घेईना, लांबूनच पाला टाकी. टिकली तिच्यामागे ओरडत फिरे, आणि ही दार लावून घेई. तिला डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्याच तोंडून ऐकवले की शेळीची ऊ माणसाच्या डोक्यात राहू शकत नाही. प्रत्येक प्राण्याची ऊ वेगळी. अंगावर चढली तरी तिला तेथे खायला मिळत नाही, मरते. माणसाच्या कपड्यांत राहणारी ऊ वेगळी. ती प्रलापक ज्वर पसरवते, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्यूनिसमध्ये शोधून काढले. शेळीच्या उवेचा त्याच्याशी काही संबंध नाही. मुलीने विचारले, मग माझ्या डोक्यात आहेत त्या कोणाच्या? डॉक्टर म्हणाले, तुझ्या मैत्रिणींच्या. त्या दिवशी घरी आल्यावर तिने टिकलीला पोटाशी धरले आणि शाळेत हे सगळे जसेच्या तसे सांगून टाकले. मैत्रिणींच्या आयांनी त्यावर काय म्हटले ते आम्ही येथे लिहीत नाही.

पौर्णिमेची दुसरी पाळी झाल्यावर दर आठवड्याला तीन-तीन शेळ्यांचे केस उलटून पाहिले. रिकाम्या लिखांची टरफले केसांवर बरेच दिवस राहतात. ती पाहून काहीजणी घाबरल्या. टरफल पांढरे, पोकळ असते आणि केस वाढेल तसे कातडीपासून दूर सरकते. कातडीलगत नवी, भरलेली लीख दिसली तरच चिंता करावी. माघ अमावास्येपर्यंत एकाही शेळीवर तशी लीख सापडली नाही, म्हणून तिसरी पाळी केली नाही. खांद्यामागे मऊ काळे केस येऊ लागले. पापण्या मात्र लगेच लाल झाल्या नाहीत. त्याला महिना लागला, आणि जंताचे औषध, शेवग्याचा पाला व मूठभर भरडा द्यावा लागला.

कारखाना बंद झाल्यावर माणसे परतली. सात शेळ्या आणि वाचलेली करडे ज्याची त्याला मोजून दिली. जिचे करडू गेले होते ती बाई आली, तिने दोन्ही शेळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, केस उलटे फिरवून पाहिले. हे तिला कोणी शिकवले म्हणून विचारले, तर म्हणाली तळावर फोनवर तुम्हीच सांगितले होते, तिथे चार घरांना दाखवले. शेळी तिने जूनमध्ये बकरी ईदच्या आधी विकली नाही. मुलाला वसतिगृहात जागा मिळाली, तेव्हा तूर्त गरज पडली नाही, असे तिचे म्हणणे.

औषधाची बाटली निम्मी शिल्लक आहे. झाकणावर चिकटपट्टी लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी आढ्याला टांगलेल्या डब्यात ठेवली आहे. तिच्यावरची मुदत संपण्याआधी एक हिवाळा जाईल. मार्गशीर्षात पहिली तपासणी करायची असे नऊ घरांनी ठरवले आहे. या वेळी आणखी दोन घरे त्यांत येणार म्हणतात.